शंभरातले पाच गुण खेळण्याला : बडोद्याच्या संग्राहक मित्रांना खुलं पत्र

मित्रहो, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या बैठकीत आपल्या संग्रहातल्या खेळण्यांना गुण द्यायला तुम्ही जे गुणपत्रक वाटलंत, ते मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये टेबलासमोर चिकटवून ठेवलं आहे. कार्टूनशी साम्य ६०, रंगकाम २०, खोका आणि आतले कागद १५, खेळता येणं ५. एकूण १००. आमच्याकडे मशिनवर असलेल्या मुलानं ते वाचलं आणि विचारलं, "सेठ, आ शेनी परीक्षा छे?" म्हटलं, रमकडांची. त्यानं पुन्हा वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "तो रमवाना पांच ज?"

गुजरातीत रमवुं म्हणजे खेळणं, त्यावरून वस्तू ती रमकडुं. मराठीत तर त्याहून सोपं, वस्तूलाही खेळणं आणि क्रियेलाही खेळणंच. त्या पोराला मला उत्तर देता आलं नाही. बैठकीत तुमच्याशी बोललो असतो, पण तिथे माझा आवाज चहा येईपर्यंतच टिकतो, म्हणून लिहितो आहे.

हे गुणपत्रक कशातून आलं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आडपडदा नको. दिवाळीच्या सुट्टीतल्या आपल्या प्रदर्शनात माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीनं तो लाल ट्रकवाला रोबोट टेबलावरून उचलला, खाली फरशीवर मांडी घालून बसली आणि त्याचा ट्रक करायला लागली. कुणी दाखवलं नव्हतं, ट्रक कसा करायचा ते सांगणारं पत्रक वाचलेलं नव्हतं. पाय मिटले, हात आत घेतले, डोकं खाली ढकललं, सगळं बरोबर. शेवटी रोबोटाच्या मांडीवरचा पल्ला, म्हणजे झडप, वळवताना टक् असा आवाज झाला आणि पल्ला तिच्या हातात आला. ज्यांची ती वस्तू होती ते काही बोलले नाहीत, फक्त भिंतीकडे बघत उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. त्यांची माफी मागून झाली आहे, दुरुस्तीही माझ्याकडेच आहे. पण त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, पुढच्या प्रदर्शनात सगळं काचेत आणि "हात लावू नये" अशा पाट्या. दुसरी, हे गुणपत्रक. पोरीला घरी जाताना वाटेत लीलो चेवडो घेऊन दिला, तो तिनं खाल्ला नाही.

आता माझा धंदा डाय, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे, बनवण्याचा. वीस-बावीस वर्षं मी बाटल्यांची झाकणं, स्विचच्या पट्ट्या, औषधांच्या मापांचे कप यांच्याच डाय करतो आहे. त्यामुळे तो तुटका पल्ला दुकानात भिंगाखाली धरल्यावर मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. पिन जिथे बसते त्या भोकाभोवतीची भिंत नखाच्या जाडीची. आणि चीर गेलेली होती ती नेमकी भोकाच्या मागच्या बाजूला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं की भोकाच्या दांड्याला वळसा घालून दोन्हीकडून येतं आणि पलीकडे जुळतं. त्या जोडावर, आम्ही त्याला वेल्ड लाइन म्हणतो, ताकद नेहमीच कमी. अशा जागी भिंत जाड ठेवायची हे शिकाऊ मुलालाही पहिल्या वर्षी सांगतात. वर धातूची पिन दाबून बसवलेली, थोडी जाडच. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ते भोक आतून ताणलेलं होतं. चिरेच्या कडेला पांढुरकी रेघ होती, ती एका दिवसात येत नाही. पोरीनं तो तोडला नाही. तो तुटायला टेकलेलाच होता, शोकेसमध्ये उभ्या-उभ्याही एखाद्या उन्हाळ्यात गेला असता.

कंपनीचं नाव घेत नाही. मुद्दा एवढाच, की भिंत इतकी पातळ का केली? कार्टूनमधल्या त्या रोबोटाची मांडी सपाट, गुळगुळीत, एकही फट नसलेली दिसते म्हणून. आपल्या गुणपत्रकानं त्याच मांडीला साठ गुणांच्या रकान्यात डोक्यावर घेतलं असतं.

साम्याची ही भानगड जरा उलगडून बघू. साम्य कशाशी? कार्टूनशी. पण या बाबतीत आधी खेळणं आणि मग कार्टून, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना मी सांगायची गरज नाही. जपानच्या ताकारा कंपनीची डायक्लोन आणि मायक्रो चेंज अशी दोन खेळण्यांची घराणी होती. अमेरिकेच्या हॅसब्रोनं त्यातले रोबोट उचलले, ट्रान्सफॉर्मर्स हे नाव दिलं आणि १९८४ साली बाजारात आणले. कार्टून आलं ते ही खेळणी विकायला. म्हणजे चित्रकारांसमोर टेबलावर खेळणं होतं आणि ते बघून, हलवायला सोपं जावं म्हणून, त्यांनी ते गोल-गुळगुळीत केलं. चाळीस वर्षांनी आपण त्या चित्राला अस्सल म्हणतो आणि खेळण्याला नक्कल.

व्हॅन होणाऱ्या आयर्नहाइड या रोबोटाचंच घ्या. बैठकीत त्याच्यावरून दोनदा भांडण झालं आहे. १९८४ च्या खेळण्यात आयर्नहाइडला डोकंच नाही. व्हॅनची पुढची काच वर उभी राहते आणि तिच्या मागे सीटवर चेहऱ्याचा एक स्टिकर, बस्स. त्याचा जोडीदार रॅचेटही तसाच. कारण डायक्लोनमध्ये हे रोबोट स्वतः जिवंत नव्हतेच, ती माणसानं चालवायची यंत्रं होती आणि त्या सीटवर पायात लोहचुंबक असलेला एक चिमुकला चालक बसायचा. हॅसब्रोनं चालक काढून टाकला आणि रोबोटालाच जीव दिला. कार्टूनवाल्यांना प्रश्न पडला की हा बोलणार कुठून, म्हणून त्यांनी त्याला सरळ डोकं काढून दिलं. फ्लोरो डेरीसारख्या चित्रकारांनी ही जी रूपं पक्की केली, त्यांना खेळण्याचे स्क्रू, फटी, पोकळ दंड यांच्याशी घेणंदेणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. कागदावर मांडी वाकवायला बिजागरी लागत नाही. ट्रक होणाऱ्या ऑप्टिमस प्राइमचा ट्रेलर कार्टूनमध्ये बाजूला गडगडत जातो आणि गायब होतो. तो कुठे जातो हे आजवर कुणी विचारलेलं नाही. खेळण्यात तो ट्रेलर पलंगाखाली जातो आणि आईच्या झाडूला लागतो.

मूळ ऑप्टिमसमधली एक गोष्ट मी डायवाल्याच्या नजरेनं तुम्हाला दाखवू इच्छितो. ट्रकच्या केबिनच्या पुढच्या दोन काचा, त्याच रोबोटाची छाती. एकच भाग, दोन कामं. ज्यानं कुणी ते पहिल्यांदा जुळवलं असेल त्याला त्या रात्री झोप लागली नसेल. आता अलीकडच्या काही महागड्या, कार्टूनबरहुकूम म्हणवणाऱ्या नगांत काय करतात? ट्रकच्या काचा मागे पाठीत दडवतात आणि छातीवर वेगळ्या खोट्या काचा बाहेर काढतात, कारण चित्रातल्या छातीचं माप ट्रकच्या काचांशी जुळत नाही. दिसतं सुंदर. फोटोत तर फारच. पण ज्या युक्तीसाठी ते खेळणं जन्माला आलं, तिलाच फाटा दिला. याला मी हातचलाखी म्हणेन, डिझाइन नाही. तुमच्यातले दोघं-तिघं यावर खवळतील हे मला माहीत आहे.

ट्रान्सफॉर्मर्सची संग्राहकांसाठीची मास्टरपीस मालिका २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा मीही हरखलो होतो. २०११ चा दुसरा ऑप्टिमस, ज्याला आपण नुसतं दहा नंबर म्हणतो, तो हातात घेऊन मी एकदा सुरत ते बडोदे गाडीत उभ्यानं प्रवास केला आहे, खोका दाबला जाऊ नये म्हणून. तो नग अजून माझ्या मते तोल सांभाळणारा आहे. दिसायलाही चांगला आणि पत्रक न बघता ट्रक होतो. २०१९ चा चव्वेचाळीस नंबर कार्टूनच्या आणखी जवळ गेला आणि माझ्यापासून तेवढाच लांब. तो मित्राकडे दोनदा बदलून, म्हणजे रोबोटाचा ट्रक करून, पाहिला. दुसऱ्यांदा घामच फुटला. आणि याच्या उलट, २०२४ मध्ये आलेल्या मिसिंग लिंक मालिकेत काय केलं बघा. १९८४ चं जुनं खेळणंच प्रमाण मानलं, चेहरामोहरा तोच ठेवला आणि आत कोपर, गुडघे, कंबर यांना सांधे दिले. चित्राच्या मागे न धावता खेळण्यालाच आणखी खेळतं केलं. आपल्या गुणपत्रकात त्याला साम्याचे किती मिळतील? कार्टूनशी साम्य म्हणून वीस-पंचवीस. नापास.

दूरदर्शनवर ही-मॅनचं कार्टून लागायचं ते दिवस आठवा. आमच्या पोळमध्ये, म्हणजे गल्लीत, एकाच घरी रंगीत टीव्ही होता आणि त्या काकूंना सगळी मुलं अचानक फार आदर द्यायला लागली होती. भारतात तेव्हा लिओ कंपनीचे ही-मॅन बाहुले मिळायचे. परदेशी नगांपेक्षा त्यांचे रंग थोडे वेगळे, म्हणून आज बाहेरचे संग्राहक ते शोधत फिरतात. त्या बाहुल्यांचं कार्टूनशी साम्य यथातथाच. बहुतेकांचे पाय एकसारखे, अर्धवट बसल्यासारखे, कारण शरीराचा साचा बहुधा तोच, डोकं आणि चिलखत तेवढं बदलायचं. डाय महाग असते हो. ही-मॅन मुळात काढणाऱ्या मॅटेल कंपनीनं १९८२ मध्ये तेच केलं, मी असतो तरी तेच केलं असतं. त्यांचा हिरवा वाघ, बॅटल कॅट, हा तर बिग जिम नावाच्या त्यांच्याच जुन्या, मोठ्या बाहुल्याच्या मालिकेतला वाघ. साडेपाच इंची बाहुल्याशेजारी तो घोड्याएवढा दिसायला लागला, मग त्याला हिरवं रंगवून खोगीर चढवलं. मापाच्या चुकीतून जगातलं एक लाडकं जनावर तयार झालं. आपल्या मंडळीनं तेव्हा गुण दिले असते तर "प्रमाण चुकले" असा शेरा पडला असता.

आणि ती कंबर! ही-मॅनची कंबर एका बाजूला पिळून सोडली की आतली स्प्रिंग त्याला सपकन वळवायची आणि ठोसा बसायचा. कार्टूनमध्ये तसं काही नव्हतं. पण माझ्या मनातला ही-मॅन आजही टीव्हीवरचा नाही, तो कंबर पिळलेलाच आहे. माझा डाव्या हाताचा अंगठा त्या वेळी रोज दुखायचा.

फनस्कूल कंपनीचे जी. आय. ज्यो हे खेळण्यातले सैनिक तुमच्यापैकी निम्म्यांकडे आहेत, बहुतेक दोन तुकड्यांत. फनस्कूल १९८७ ची, एमआरएफ आणि हॅसब्रोनं मिळून काढलेली, कारखाना गोव्यात. त्या पावणेचार इंची सैनिकाच्या पोटात एक रबरी रिंग असते. वरून ती छातीतल्या खुंटाला अडकते, खालून पायांच्या धातूच्या हुकाला धरते. सैनिक कंबरेतून वळतो, वाकतो, बसतो, ते सगळं त्या एका रिंगवर. रबर वीस-तीस वर्षांत कडक होतं, मग चुरतं आणि एके दिवशी सैनिक कपाटात आपोआप कंबरेतून सुटतो. पाठीचा एक स्क्रू काढायचा, धडाचे दोन अर्धे भाग उघडायचे, नवी रिंग घालायची, झालं. आमच्या मकरपुऱ्यात हायड्रोलिकवाल्याकडे ती रिंग मूठभर मिळते. ज्यानं हे खेळणं आखलं त्याला ठाऊक होतं की हे झिजणार, म्हणून त्यानं दुरुस्तीची वाट ठेवली. गुणपत्रकात याला रकानाच नाही! उघडता येतं का, सुटा भाग बदलता येतो का, सांधा ढिला झाला तर घट्ट करता येतो का. मी असतो तर यालाच वीस गुण ठेवले असते. तो तुटलेला पल्ला मी आता पीओएम प्लास्टिकचा नवा खरवडून करतो आहे, भिंत दीडपट जाड. दिसायला अर्धा मिलिमीटर फुगीर दिसेल, मालकांची परवानगी घेतली आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यावर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती. हा नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, पण ट्रक होणारा रोबोट हे चाळिशीच्या माणसाचं खेळणं आहे हे पार्सल तपासणाऱ्याला पटवायचं कसं? माझी आई अजून शेजारणींना सांगते की मुलगा कलेक्टर झाला, फक्त खेळण्यांचा. इतके पैसे आणि इतका मनस्ताप घालून आणलेला नग नऊ वर्षांच्या मुलीच्या मांडीवर बघून पोटात गोळा येणारच.

काही नग खरोखरच हात न लावण्याजोगे असतात, हेही मान्य. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात ते जे चमचमतं सोनेरी प्लास्टिक वापरलं गेलं, त्यातल्या चमकीमुळे प्लास्टिकची आतली पकडच ढिली झाली. असा नग खोक्यातून न काढताही बिस्किटासारखा भुगा होतो. तो काचेतच बरा. पांढरे भाग उन्हानं पिवळे पडतात, ते खिडकीपासून लांब ठेवा, त्याबद्दल वाद नाही. अशा पाच-सात वस्तूंना पाटी लावा. पण बाकीच्या दोनशे वस्तूंना ती पाटी का?

आपण बडोद्याचे आहोत म्हणून हे जास्त लागतं. राजवाड्यातल्या युवराजांसाठी आणलेली छोटी आगगाडी पुढे कमाटीबागेत आली आणि आपल्यातल्या प्रत्येकानं लहानपणी तिच्यात बसून मागच्या डब्यातल्यांना वाकुल्या दाखवल्या आहेत. ती काचेत ठेवली असती तर? आपल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या जत्रेसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा माणूस लाकूड, मणी, चामडं जोडून खेळणी करायचा. एवढा मोठा चित्रकार, पण मणी असा ओवायचा की जनावराची मान हलली पाहिजे. आज ती संग्रहांत आहेत, ठीक आहे, पण ती जत्रेत विकायला केलेली होती, लोकांच्या हातात जायला. आणि उत्तरायणाचं काय सांगू. चौदा जानेवारीला आपल्यातले हेच गंभीर संग्राहक पन्नाशीची पोटं सांभाळत कौलांवर चढतात आणि बोटं कापून घेतात. तेव्हा कुणी पतंगाचे कोपरे सरळ आहेत का, ते मोजत बसत नाही.

एक कबुलीही देऊन टाकतो. माझ्याकडेही तीन खोके आहेत जे मी सहा वर्षांत उघडलेले नाहीत. का, तर मोल वाढेल म्हणून. त्यातला एक परवा रात्री उघडला. आत डाव्या हाताचा सांधा कारखान्यातूनच ढिला आलेला. सहा वर्षं मी त्याला उत्तम नग म्हणून लोकांना सांगत होतो, आणि हात लोंबत होता. तक्रार करायची मुदत केव्हाच संपली. न हाताळलेल्या खेळण्याबद्दल मी तुमच्याशी किती तास वाद घातला असेन, त्याचा हिशेब नको.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. गुणपत्रक फाडू नका, रकाने बदला. आणि कुठल्याही नगावर मत देण्याआधी तो दहा वेळा बदलून बघण्याची अट घाला, स्वतःच्या हातानं, व्हिडिओ बघून नव्हे. पाचव्या वेळी सांधा काय बोलतो ते पहिल्या वेळी कळत नाही. गुण देणाऱ्यांत दरवेळी एक तरी मूल असू द्या. आपण कार्टून बघून मोठे झालो, आपल्याला चित्र आठवतं. मुलाला ते चित्र ठाऊकच नसतं, त्यामुळे ते सरळ सांधा कुठे वळतो ते शोधतं. माझ्या पुतणीनं जे दोन मिनिटांत केलं ते करायला आपल्यातल्या तिघांना पत्रक लागलं होतं, आठवतं ना?

प्रदर्शनात एक टेबल बिनकाचेचं ठेवा. त्यावरच्या वस्तू मी देतो. तुटलं तर दुरुस्तही मीच करतो, पैसे न घेता, फक्त तुटका तुकडा फेकून देऊ नका, पिशवीत घालून द्या. कुठे तुटलं हे बघण्यात मला रस आहे.

या रविवारच्या बैठकीला मी रबरी रिंगांचं पाकीट आणि बारीक पेचकस घेऊन येतो आहे. ज्यांचे सैनिक कंबरेतून सुटले आहेत त्यांनी दोन्ही अर्धे भाग घेऊन यावं, स्क्रू हरवला असेल तर तसं आधी कळवावं. पुतणीलाही आणतो आहे. यायला ती तयार नव्हती, तो पल्ला तिनेच बसवायचा असं ठरल्यावर तयार झाली.

तुमचाच,
मकरपुऱ्याचा डायवाला